सणाच्या पिशवीत काय आहे?



जपान देशात नववर्षाच्या पहिल्या दोन-चार दिवसांत दुकानांच्या दारी एक चमत्कारिक माल मांडलेला असतो. एक पिशवी, तिचे तोंड बंद केलेले, वर किंमत छापलेली. पण आत काय आहे, ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. दुकानदार एवढेच सांगतो की, तुम्ही द्याल त्या पैशांहून अधिक किमतीचा माल आत आहे. आणि ही न पाहिलेली वस्तू घेण्यासाठी माणसे कडाक्याच्या थंडीत पहाटेपासून रांग लावतात. ह्या पिशवीला तेथे 'फुकुबुकुरो' म्हणतात. फुकु म्हणजे भाग्य आणि बुकुरो म्हणजे पिशवी. आपण तिला 'नशिबाची पिशवी' म्हणू.

आपल्याकडे बाजारात वांगी घेताना देठ पाहतात, नारळ कानाशी हलवून पाहतात, खरबूज नाकाला लावून पाहतात. मग न पाहता घेण्याची ही जपानी हौस आपल्याला काय शिकविणार, असा प्रश्न कोणी विचारील. पण थोडा विचार केला, तर सणाच्या दिवशी आपल्याही घरी पिशव्या येतातच. रेशन दुकानातून येतात, कारखान्यातून येतात, किराणा दुकानाच्या योजनेतून येतात. त्या सगळ्याच आपण उघडून, तपासून घेतो असे नाही. पिशवीत काय आहे, ते कोणाच्या पैशाचे आहे, आणि पुढच्या वर्षी ती न आली तर मागावयाला कोणत्या दारात जावयाचे, हे तीन प्रश्न आपण फारसे विचारीत नाही. आज ते विचारावेत, एवढाच ह्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम जपानची हकीकत पाहू. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, १६७३ साली मित्सुई घराण्याने 'एचिगोया' नावाचे कापडाचे दुकान काढले. घासाघीस नाही, उधारी नाही, एकच भाव आणि रोख पैसे, ही त्या दुकानाची रीत त्या काळी नवीन होती. कापडाच्या दुकानात वर्षभर कापून उरलेले तुकडे साचतात. पुऱ्या वस्त्राला ते पुरत नाहीत आणि फेकूनही देववत नाहीत. असे तुकडे पिशवीत भरून, भाग्यदेवता एबिसु हिचे नाव देऊन, स्वस्तात विकण्याची चाल त्या काळच्या कापडवाल्यांनी पाडली असे सांगतात. उरलेल्यात भाग्य असते, अशी एक म्हणही जपानी लोकांत आहे. पुढे मोठमोठी भांडारे निघाली, आणि ही चाल नववर्षाच्या पहिल्या विक्रीशी जोडली गेली. जपानने १८७३ पासून इंग्रजी कालगणना घेतली, म्हणून त्यांचे नववर्ष १ जानेवारीला येते.

कापडाची ही युक्ती पुढे खाण्याच्या वस्तूंकडे आली. कॉफी आणि परदेशी किराणा विकणारी काल्डीसारखी दुकाने, मिस्टर डोनट, मॅकडोनल्ड्स, स्टारबक्स अशा उपाहारगृहांच्या साखळ्या आता दरवर्षी आपापल्या पिशव्या काढतात. नववर्षाबरोबर उन्हाळ्यातही काही दुकाने अशा पिशव्या विकतात. त्यांत कॉफीची पूड, बिस्किटे, तिखटमिठाचा खाऊ, एखादा पेला किंवा पंचा, आणि पुष्कळदा पुढे वर्षभरात वापरावयाची कुपने असतात. मागणी इतकी वाढली की काही कंपन्यांनी रांग बंद करून सोडत सुरू केली. आधी नाव नोंदवावयाचे, सोडतीत नाव निघाले तरच पिशवी विकत मिळावयाची. म्हणजे भाग्याची परीक्षा आता पिशवी उघडताना होण्याऐवजी ती विकत घेण्याच्या आधीच होते.

हा सौदा दुकानदाराला कसा परवडतो? आपण एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एका दुकानदाराने पाचशे रुपयांच्या शंभर पिशव्या केल्या. नव्वद पिशव्यांत त्याने न खपलेला माल भरला. त्याची छापील किंमत हजार रुपये, पण त्याला तो पडला साडेतीनशेला. दहा पिशव्यांत चांगला, मागणी असलेला माल घातला. तो त्याला पडला नऊशेला. एकूण खर्च झाला चाळीस हजार पाचशे, आणि विक्री आली पन्नास हजार. साडेनऊ हजार रुपये सुटले. पण खरा फायदा एवढाच नाही. ते नव्वद पिशव्यांतले सामान वखारीत पडून राहिले असते, तर साडेएकतीस हजार रुपये अडकले असते आणि जागेचे भाडे वर. आता वखार मोकळी झाली, रोकड हाती आली, आणि ज्या दहा जणांना चांगला माल मिळाला त्यांनी गावभर दुकानाची वाहवा केली. ती जाहिरात फुकट झाली. उरलेले नव्वद जण काय म्हणतात? ते म्हणतात, आपले नशीब नव्हते. दुकानदाराला कोणी बोल लावीत नाही. नशिबाचे नाव पुढे केले की हिशेबाचे नाव मागे पडते, हे ह्या पिशवीचे मर्म आहे.

कुपनांची गोष्ट आणखी निराळी. कुपन म्हणजे दुकानदाराने गिऱ्हाइकाकडून घेतलेले बिनव्याजी कर्जच होय. पैसे आज मिळाले, माल पुढे द्यावयाचा. काही कुपने हरवतात, काहींची मुदत टळते, आणि उरलेली घेऊन जो येतो तो कुपनापुरते खाऊन उठत नाही. आणखी दोन पदार्थ मागवितो.

खाण्याच्या मालात मात्र एक अडचण आहे, ती कापडात नाही. कापडाचा तुकडा दहा वर्षे टिकेल. खाऊ टिकत नाही. जपानच्या व्यापारात पुष्कळ वर्षे एक रूढी आहे, तिला 'तिसऱ्या हिश्शाचा नियम' म्हणतात. एखादा पदार्थ सहा महिने टिकणारा असेल, तर कारखान्याकडून तो पहिल्या दोन महिन्यांतच दुकानाकडे गेला पाहिजे. त्याहून उशीर झाला तर दुकानदार घेत नाही. परिणाम असा की, चार महिने खुशाल खाता येईल असा चांगला माल विक्रीतून बाद होतो. शिवाय तेथे मोसमी खाऊचे वेड मोठे. वसंतात चेरीच्या फुलांच्या वासाचा, शरदात रताळ्याचा आणि चेस्टनटचा. मोसम सरला की डब्यावरचे चित्र शिळे होते, आतला खाऊ शिळा नसला तरी. अशा चांगल्या पण बाद झालेल्या मालाला स्वस्तात वाट करून देणे काही वाईट नव्हे. अन्नाची नासाडी थांबावी म्हणून जपानने २०१९ साली स्वतंत्र कायदाच केला. म्हणून पिशवी मुळातच लबाडीची आहे, असे मी म्हणणार नाही. आत काय आहे ते लपविण्यात लबाडीला जागा मिळते, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या जागेचा अनुभव जपानी गिऱ्हाइकांनी घेतलेला आहे. १९६० साली तेथे डबाबंद मांसाचे एक प्रकरण गाजले. डब्यावर गाईचे चित्र, आणि आत निघाले देवमाशाचे किंवा घोड्याचे मांस. तपास केला तेव्हा असे डबे एकाच कारखान्याचे नाहीत असे आढळले. लोक खवळले. त्यातून १९६२ साली अवास्तव बक्षिसे आणि फसवी जाहिरात ह्यांना आळा घालणारा कायदा झाला. वेष्टनावर लिहिले ते आत असले पाहिजे, आणि बक्षिसाच्या लोभाने माल खपविण्याला मर्यादा असली पाहिजे, ही त्या कायद्याची दोन सूत्रे. अलीकडे तर पुष्कळ दुकाने आत काय आहे त्याची यादी आधीच जाहीर करतात. लोकांनी तशी पसंती दाखविली. नशिबाच्या पिशवीचे माहेर असलेल्या देशातही गिऱ्हाइकाला शेवटी यादीच हवीशी वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. नशिबाची पिशवी आपल्याकडे मुलांपासून सुरू होते. पाच रुपयांच्या खाऊच्या पुडीत शिट्टी निघते, भोवरा निघतो. पोरगे खाऊ टाकून शिट्टी शोधते. दुकानात पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या चिठ्ठ्या असतात. पैसे देऊन चिठ्ठी फाडावयाची आणि नंबर निघाला तर फुगा घ्यावयाचा. मोठ्यांची पिशवी याहून मोठी. किराणा दुकानदार दरमहा ठरावीक रक्कम घेतो आणि दिवाळीला तेल, साखर, रवा, डाळ, डाल्डा अशी पिशवी देतो. काही ठिकाणी त्याला सोडतीचीही जोड असते. ज्याचा नंबर निघेल त्याने पुढचे हप्ते भरावयाचे नाहीत. ऐकावयाला हे गोड वाटते. पण त्याचे उरलेले हप्ते कोण भरतो? बाकीचे सभासद भरतात. अशा बक्षिसी भिशीवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातलेली आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. आणि सोडत नसलेल्या साध्या योजनेतही एक प्रश्न उरतो: दसऱ्याला दुकान बंद झाले तर अकरा महिन्यांचे पैसे कोणाकडे मागावयाचे? हातात पावती आहे काय? पावतीवर जिनसांची नावे आणि वजने आहेत काय?

दुसरी पिशवी सरकारची. महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या दिवाळीला 'आनंदाचा शिधा' नावाची योजना काढली. अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांच्या शिधापत्रिकाधारकांना, तसेच मराठवाडा-विदर्भातील शेतकरी-आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना, शंभर रुपयांत चार जिनसांचा संच मिळावयाचा होता. एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. राज्यातील दीड कोटीहून अधिक कुटुंबे त्यात येत होती. पुढे २०२३ साली गुढीपाडवा व आंबेडकर जयंतीच्या निमित्ताने, नंतर गणपतीला आणि दिवाळीला, तसेच २०२४ सालीही हा शिधा दिला गेला. मध्ये मैदा आणि पोहे यांची भर पडली आणि काही जिनसांची वजने अर्ध्यावर आली.

ह्या शिध्याला नाके मुरडणारा मी नाही. ज्या घरात पाच माणसे आणि एकाची मजुरी आहे, त्या घरात शंभर रुपयांत करंज्या-शंकरपाळ्यांचे सामान येणे ही लहान गोष्ट नव्हे. बाजारात त्याच सामानाला दुप्पट-तिप्पट पैसे पडले असते. पण पहिल्याच वर्षी काय झाले तेही आपण पाहिले. काही ठिकाणी चारही जिनसा एकदम पोहोचल्या नाहीत. कोठे तेल आले तर साखर नाही, कोठे अंगठ्याचे यंत्र चालेना. पिशवीवर मात्र सत्ताधारी नेत्यांची छायाचित्रे वेळेवर छापून आली होती. आणि २०२५ साली गणपतीलाही शिधा नव्हता आणि दिवाळीलाही नव्हता. तिजोरीवर ताण आहे, असे कारण सांगण्यात आले. तीन वर्षे घरात सवय झालेली पिशवी चौथ्या वर्षी आली नाही, आणि तिच्यासाठी कोणाला न्यायालयात जाता आले नाही. कारण ती कायद्याने मिळालेली नव्हती. ती शासनाच्या एका निर्णयाने मिळाली होती आणि निर्णय झाला नाही तेव्हा थांबली.

आता त्याच रेशन दुकानातल्या दुसऱ्या धान्याकडे पाहा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील दर माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ते मिळाले नाही तर तक्रारीची वाट कायद्यात लिहिलेली आहे. आणि धान्य न पुरविल्यास अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूदही आहे. दुकान तेच, कार्ड तेच, रांग तीच. पण एका पिशवीला आपण कायद्याने धनी आहोत आणि दुसरीचे केवळ पाहुणे आहोत.

ह्या दोन प्रकारांसाठी आपल्या भाषेत जुने शब्द आहेत. गावगाड्यात बलुतेदाराला खळ्यावर बलुते मिळे. सुताराने नांगर केला, लोहाराने फाळ ठोकला, त्याचा तो वाटा. पाटलालाही तो सहजी नाकारता येत नसे. आणि सणाला वाड्यावरच्या गड्याला मिळे ती पोस्त. पोस्त द्यावी की न द्यावी हे धन्याच्या मनावर. बलुते हा हक्क होता. पोस्त ही खुशी होती. अर्थात बलुत्याचेही गोडवे गाऊ नयेत. तो हक्क जातीच्या दाव्याला बांधलेला होता, आणि महार वतनाच्या नावाने माणसाला चोवीस तास गावाच्या हुकमात ठेवीत होता. म्हणून तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले, आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. तेव्हा हक्क हवा, पण गुलामीची दोरी नसलेला हवा.

तिसरी पिशवी कामगाराची, आणि तिची हकीकत आपल्या भागाने नीट ऐकावी. कळंबच्या शेजारी वालचंदनगर आहे. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वर येथील साखर कारखाने एका दिवसाच्या फेरीत येतात. साखर कारखान्यांच्या प्रदेशात दिवाळी म्हणजे सभासदाला सवलतीची साखर, उसाचा हप्ता आणि कामगाराला बोनस. दिवाळीच्या तोंडावर बाजारात जो पैसा खेळतो तो बहुतेक ह्याच वाटांनी येतो. जपानी कामगारालाही डिसेंबरात हिवाळी बोनस मिळतो. नशिबाच्या पिशवीची रांग त्या पैशावर उभी असते. आणि तेथील संघटना १९५५ पासून दर वसंतात एकजुटीने पगारवाढीची मागणी करतात. तिचे नावच मुळी 'वसंताचा लढा'.

बोनस ही मालकाची दिवाळी भेट आहे, अशी समजूत अजून पुष्कळांची आहे. तिचा इतिहास असा आहे. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली, तेव्हा १९१७ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारावर शेकडा १० टक्के युद्धबोनस दिला. १९१८ च्या आरंभी तो १५ टक्के झाला. युद्धानंतर नफा उदंड झाला, म्हणून काही वर्षे सालाला एक महिन्याचा बोनस मिळाला. कामगार तो धरून चालू लागला. १९२३ चा बोनस मालकांनी नाकारला आणि १९२४ च्या आरंभी मुंबईत प्रचंड संप झाला. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. समितीने निकाल दिला की, ह्या बोनसवर कामगारांचा रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने कोणताही बजावता येण्याजोगा हक्क नाही. म्हणजे ती पोस्त ठरली. संप मोडला आणि माणसे रिकाम्या हातांनी साच्यावर परत गेली.

पण प्रश्न मिटला नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी बोनससाठी ६३ दिवसांचा संप केला. समाजवादी मंडळींची मिल मजदूर सभा त्याच्या अग्रभागी होती. त्याच वर्षी कामगार अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र बांधून दिले. एकूण नफ्यातून घसारा, यंत्रांच्या नवीकरणाचा खर्च, कर आणि भांडवलावरचा वाजवी परतावा वजा करा. जे उरेल त्यात कामगाराचाही वाटा आहे. ह्या निवाड्याने बोनसची जात बदलली. ती भेट राहिली नाही, उरलेल्याची वाटणी झाली. पुढे एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, आणि १९६५ साली बोनस देण्याचा कायदा झाला. त्यात कमीत कमी चार टक्के आणि जास्तीत जास्त वीस टक्के बोनस ठरला. १९७२ साली खालची मर्यादा ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार झाली. आणीबाणीत १९७५ साली ती पुन्हा चारवर आणली गेली. १९७७ साली ८.३३ परत मिळाले. हक्कसुद्धा राखला नाही तर हातचा जातो, हा त्या दोन वर्षांचा धडा आहे. २०१९ च्या वेतन संहितेतही ८.३३ आणि वीस ह्याच मर्यादा आहेत.

हिशेब करून पाहा. २०१५ च्या दुरुस्तीने बोनस मोजण्यासाठी महिन्याला सात हजार रुपये, किंवा त्या कामाचे किमान वेतन अधिक असेल तर ते, धरावयाचे ठरले. सात हजारांनी वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार होतात, त्याचे ८.३३ टक्के म्हणजे जवळजवळ सात हजार रुपये. आता एखाद्या लहान कारखान्यात दिवाळीच्या आदल्या दिवशी काय होते, ते मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मिठाईचा रंगीत डबा, एक स्टीलचा गंज आणि पाकिटात पाचशेची नोट. व्यवस्थापक हात जोडून म्हणतात, "आपण सारे एका कुटुंबातले." एका ठिकाणी पॅकिंगमधल्या एका मावशींनी डबा कपाळाला लावला आणि मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, मिठाई घरच्यांनी दिली असं म्हणत्यात; मग बोनस कुणी द्यायचा?" त्यांच्या प्रश्नात सगळा कायदा आला. भेट घ्यावी, आभारही मानावेत. पण भेटीने देणे फिटत नाही. ज्या कारखान्यात वीस किंवा अधिक माणसे काम करतात तेथे, आणि पगाराच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्या माणसाने वर्षात तीस दिवस काम केले त्याला, बोनस मिळालाच पाहिजे. तो हंगामी असो, कंत्राटी असो, बाई असो की पुरुष. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत तो द्यावा लागतो; म्हणून मार्चला वर्ष संपणाऱ्या कारखान्यात त्याची शेवटची तारीख नोव्हेंबरच्या अखेरीस येते आणि तो दिवाळीच्या सुमारास पडतो.

ह्या साऱ्या पिशव्यांच्या रांगेत एक माणूस दिसत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. त्यांच्या हाती सणाची पिशवी नसते. असते ती मुकादमाची उचल. उचल म्हणजे आधी घेतलेले पैसे, जे पुढे नवराबायकोने सहा महिने कोयता चालवून फेडावयाचे. कारखाना म्हणतो ही माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो मी नुसता मधला. मग कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसते, आणि नाव नाही तेथे बोनसही नाही. साखर ज्यांच्या घामाने गोड झाली त्यांना साखरेची पिशवी नाही. नशिबाची पिशवी ज्याला म्हणतात तिचे हे सर्वांत कडू रूप होय.

मग करावे काय? पिशवी नाकारावी, असे मी सांगणार नाही. भुकेल्या माणसाला तत्त्व शिकवून पिशवी परत करावयाला लावणे ही क्रूरता आहे. पण पिशवी घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, यादी. बंद वेष्टनातील मालावर मालाचे नाव, निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याचा महिना आणि बनविणाऱ्याचे नाव असावे, असा २०११ चा नियम आहे. खाण्याच्या वस्तूवर केव्हापर्यंत चांगली तेही लागते. चार जिनसा एका पिशवीत घातल्याने ह्यातले काही माफ होत नाही. दुसरी, पावती. हप्त्याने घेतलेल्या पिशवीची पावती नसेल तर ती पिशवी खरोखरच नशिबाची आहे असे समजावे. तिसरी, तक्रारीचे दार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या बक्षीस योजनांना अनुचित व्यापार म्हटले आहे, आणि त्यासाठी जिल्हा आयोगाकडे जाता येते. चौथी, पिशवीवरचे नाव आणि पिशवीतले पैसे. सरकारी पिशवीवर कोणाचेही चित्र असो, आतला पैसा आपण भरलेल्या कराचा असतो. काडेपेटी विकत घेणारा माणूसही कर भरतोच.

आणि एक पिशवी अशीही आहे, जी आपणच भरू शकतो. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे लहान लहान संघ केले. त्यांनी मिळून घाऊक माल आणावयाचा, आपणच वाटावयाचा, आणि मधल्या दलालीतली बचत घराघरांत न्यावयाची. पुण्यात दि पूना मर्चंट्स चेंबर ही व्यापाऱ्यांची संस्था दिवाळीत ना नफा ना तोटा अशा भावाने लाडू-चिवडा विकते, आणि त्या दिवसांत बाजारातील भावांवर त्याचा वचक राहतो. कळंबसारख्या गावात वीस घरांनी मिळून आषाढापासून थोडे थोडे पैसे साठविले आणि आश्विनात एकदम घाऊक माल आणला, तर दिवाळीच्या पिशवीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. हिशेबाची वही मात्र कोणालाही उघडून पाहता आली पाहिजे. नाहीतर आपलीच पिशवी पुन्हा नशिबाची व्हावयाला वेळ लागत नाही.

नशिबाच्या पिशवीत मौज आहे. जपानी माणूस ती मौजेसाठी घेतो, आणि निघाले ते घेऊन हसत घरी जातो. त्याचा पगार आणि बोनस वेगळा ठरलेला असतो, म्हणून त्याला ही मौज परवडते. आपल्याकडे मात्र पुष्कळ घरांत सणाचे गोडधोडच पिशवीवर अवलंबून असते. जेथे पोटाचा प्रश्न आहे तेथे नशीब नको, यादी हवी. मेहेरबानी नको, नियम हवा. येत्या दिवाळीला पिशवी दारात येईल तेव्हा ती आनंदाने आत घ्यावी, आणि मग निवांत बसून तिचे तोंड उघडून एकेक जिन्नस वहीत लिहावा. जे कमी निघेल ते मागावयाला आपण एकटे जातो की मिळून जातो, त्यावर पुढच्या वर्षीची पिशवी अवलंबून राहील.